वरच्या खोलीतला मुलगा

कॅल्गरीला आमच्या घरमालकांच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. तिच्यात शिवणाचं मशीन, जुन्या सुटकेसा आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर ठेवलेलं असे. पुण्याच्या एका बाईंच्या समजुतीप्रमाणे मी त्या खोलीत राहत होतो.

प्रत्यक्षात मी खाली बेसमेंटमध्ये, त्या बाईंच्या मुलीबरोबर राहत होतो. आमचं लग्न झालेलं नव्हतं. माझ्या घरी, नागपूरला, हे पहिल्याच आठवड्यात सांगून झालं होतं. आमच्या घरात गुपित ठेवायची सोयच नाही. सगळे फोनवर असे बोलतात की फोन नसता तरी इकडे ऐकू आलं असतं. आई चार दिवस रुसली आणि पाचव्या दिवशी तिने विचारलं, "पोरगी तिखट खाते का रे?" खाते म्हटल्यावर विषय मिटला.

पुण्याचं तसं नव्हतं. तिच्या आईला सांगायला योग्य वेळ हवी होती, आणि योग्य वेळ काही केल्या येत नव्हती. कधी चतुर्थी, कधी त्यांची गुडघेदुखी, कधी शेजाऱ्यांशी पार्किंगवरून वाद. त्यात मुलगी कॅनडाला आली तेव्हा या बाईंनी घरमालकांना फोन करून "तुमच्यावर सोपवली आहे" असं सांगितलेलं. घरमालक म्हणजे पंचाहत्तरीच्या आसपासचे एक काका आणि त्यांच्याहून जरा शहाण्या काकू. काका तरुणपणी इंजिनियर म्हणून आले आणि इथेच निवृत्त झाले. मी बेसमेंटमध्ये सामान घेऊन आलो तेव्हा त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. मात्र संध्याकाळी खाली येऊन म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा, ॲडल्ट आहात. पण तिच्या आईसाठी हा वरच्या खोलीत राहतो. कुणी विचारलं तर मुलगा वर, मुलगी खाली. मध्ये आम्ही."

ही व्यवस्था इतकी छान चालली की कधीकधी मलाच वाटे, वर जाऊन झोपावं.

फोटोंचीही आम्ही काळजी घेत असू. डोंगरात फिरायला गेलो की मी तिचा फोटो काढायचा, तिने माझा काढायचा. पुण्याला पाठवायच्या फोटोत ती एकटीच हवी. चुकून दोघं आलोच तर ती मला कातरायची. कातरण्यात तिचा हात बसला होता. एका फोटोत माझं फक्त कोपर उरलं होतं आणि तिच्या आईने ते कोपर बघून "मागे झाडाची फांदी का आहे?" असं विचारलं होतं.

आता यातली गंमत अशी, की कॅनडाचं सरकार लग्न मागत नाही. वर्षभर एका घरात जोडप्यासारखं राहिलात की तुम्ही कॉमन-लॉ पार्टनर. ती इथली पर्मनंट रेसिडेंट होती, म्हणजे ती मला स्पॉन्सर करू शकत होती. माझ्या कायमच्या वास्तव्याचा निर्णय व्हायला वेळ लागणार, पण तोवर मला काम करण्याचं परमिट मागता येत होतं. अट एकच. एकत्र राहतो हे सिद्ध करा.

आणि आम्ही पहिल्या दिवसापासून नेमकं उलटं सिद्ध करत आलो होतो.

"मग लग्नच करा ना," असं मंडळातला प्रत्येक माणूस म्हणाला. मलाही ते पटत होतं. तिला पटत नव्हतं. "मी परमिटसाठी लग्न करणार नाही," ती म्हणाली. "लग्न करायचं तर लग्नासाठी करीन. नाहीतर उद्या तू भाजीला नावं ठेवलीस की मला वाटेल, याने कागदासाठीच केलं." मी म्हणालो, "मी भाजीला काहून नावं ठेवू? भाजी तर मीच करतो." पण पुणेरी माणसाने मुद्दा मांडला की तो मांडलेलाच राहतो.

माझं जुनं परमिट ऑगस्टमध्ये संपलं, आणि आमचं वर्ष भरायला थोडे महिने बाकी होते. मधल्या काळात मी रीतसर व्हिजिटर झालो. व्हिजिटरला राहता येतं, फिरता येतं, काम करता येत नाही. मी माती तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये होतो. इमारत बांधायच्या आधी जमिनीत भोक पाडून खालची माती काढतात, ती दाबतात, भिजवतात, वाळवतात आणि ती किती भार सोसेल ते सांगतात. हे काम ऐकणाऱ्याला जांभई येते, पण मला ते मनापासून आवडायचं. आमची बॉस म्हणाली, "हिवाळाभर जमीन गोठून दगडासारखी असते, तुझ्यावाचून चालेल. एप्रिलमध्ये जमीन सुटली की मात्र मला माणूस लागणार. तोवर परमिट आण. नाही आलं तर मला दुसरा घ्यावा लागेल." ती वाईट नव्हती. तिचंही बरोबर होतं. त्यामुळेच जास्त राग आला.

तर मी घरी बसलो. आमच्याकडे घरजावयाला लोक हसतात. मला तेही नशीब नव्हतं, कारण घरजावई व्हायलाही आधी जावई व्हावं लागतं.

त्यात काकांनी नियम वाचले. काका नियम वाचतात तेव्हा चष्मा पुसतात, आणि चष्मा पुसला की समजायचं, घरात कुणाचं तरी स्वातंत्र्य जाणार. त्यांनी कुठेतरी वाचलं की पगार नसला तरी, ज्या कामासाठी इथल्या एखाद्या माणसाला पैसे मिळाले असते, ते काम म्हणजे कामच. झालं. पहिला बर्फ पडला तेव्हा मी फावडं घेऊन बाहेर गेलो, तर काका स्वेटरवर स्वेटर चढवत धावत आले.

"खाली ठेव! शोव्हल करणं हे काम आहे."

"काका, आपल्याच घरासमोरचा बर्फ आहे."

"घर माझं आहे. तू नसतास तर मी पलीकडच्या मुलाला पैसे देऊन करून घेतलं असतं. म्हणजे तू त्याचा जॉब घेतोयस. रूल इज रूल. फाइल खराब होईल."

मग पंचाहत्तरीचा माणूस शोव्हल करतो आहे आणि तिशीचा गडी खिडकीत चहा पितो आहे, असं दृश्य गल्लीने रोज पाहिलं. समोरची चिनी आजी मला बघून मान हलवायची. एकदा तर ती स्वतःच फावडं घेऊन काकांच्या मदतीला आली आणि जाताना माझ्या खिडकीकडे बघून असं काही बोलली की भाषा न येताही मला शब्दन् शब्द कळला.

दिवाळीत काकू चकल्या पाडत होत्या. मी सोऱ्या हातात घेतला, तर काकूंनाच शंका आली. "अहो, हे चालतं का?" काकांनी चष्मा पुसून निवाडा दिला: घरच्या फराळाला हरकत नाही, मंडळाच्या स्टॉलच्या चकल्यांना हरकत आहे. काकूंनी दोन्हींचं पीठ एकाच परातीत भिजवलं होतं. मग त्या माझ्या उजव्या हाताला एक गोळा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हा आपला." पुढचा गोळा स्वतः घ्यायच्या, "हा मंडळाचा." माझ्या चकल्या तुटत होत्या, त्यामुळे कॅनडाच्या नोकऱ्यांना माझ्यापासून धोका नव्हता, पण हे काकांना कोण सांगणार?

वर्ष भरल्याबरोबर आम्ही अप्लाय केलं आणि कामाच्या परमिटचा अर्जही जोडला. जॉइंट अकाउंट, इंटरनेटचं बिल, नागपूरहून आईबाबांचं पत्र, चौकशीसाठी घरमालकांचा नंबर. फोटो मागितले होते म्हणून होते तेही लावले: ती एकटी, मी एकटा, ती आणि माझं कोपर. खाली तिने नेटकेपणाने लिहिलं, "उजवीकडे पार्टनर."

फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुपारी काका जिना उतरून खाली आले ते छाती काढूनच. ती त्या दिवशी घरून काम करत होती.

"एक फोन आला होता," काका म्हणाले. "काळजी करू नका. मी हँडल केलं."

"कुणाचा?"

"नाव सांगितलं, मी विसरलो. गोड आवाज होता. विचारत होती, हे दोघं एकत्र राहतात का, एका बेडरूममध्ये राहतात का. मी ताबडतोब ओळखलं. तुझ्या आईने कुणाला तरी पाठीमागे लावलंय."

तिने लॅपटॉप मिटला. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"ॲब्सोल्युटली नॉट! मुलगा वर, मुलगी खाली, मध्ये आम्ही. व्हेरी डीसेंट पीपल. वर्षभरात मी यांना एकमेकांचा हात धरतानासुद्धा पाहिलं नाही, असं सांगितलं."

"काका, ती इंग्रजीत बोलत होती?"

"फार सुंदर इंग्रजी."

"माझी आई पुण्यात बसून सुंदर इंग्रजी बोलणारी बाई कुठून लावेल?"

"तुझी आई," काका म्हणाले, "काहीही करू शकते."

हे तिलाही मान्य होतं. मी मात्र खुर्चीवरून उठलो, पुन्हा बसलो आणि जे काही बोललो ते अस्सल नागपुरी होतं, त्यामुळे इथे लिहीत नाही. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "इमिग्रेशन?" त्यांनी विचारलं. तिने मान डोलावली तेव्हा ते पायरीवरच बसले. रात्री काकू सांगायला आल्या की ते जेवायला येत नाहीत. मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता आणि त्यांना जेवायला घालावंसंही वाटत होतं. शेवटी मीच ताट घेऊन वर गेलो.

पुढच्या आठवड्यात, आम्ही विनंती केल्यावर, त्या अधिकारी बाईंशी आमचं बोलणं झालं. फोन स्पीकरवर, आम्ही तिघं टेबलाभोवती. काकांनी सुरुवातच केली, "मॅडम, आय वॉज लाइंग."

बाईंनी शांतपणे विचारलं, "तेव्हा खोटं बोलत होता की आत्ता बोलताय?"

"तेव्हा," काका म्हणाले. "आत्ता मी फक्त घाबरलोय."

बाई बऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, मुलाच्या घरचं पत्र आहे, मुलीच्या घरचं काहीच कसं नाही? ती म्हणाली, आईला माहीत नाही. वर्षभर आईला माहीत नाही? नाही. तुम्ही खरोखर जोडपं असाल तर आईपासून लपवाल कशाला? इथे माझा ताबा सुटला. "मॅडम, जोडपं नसतो तर लपवलं कशाला असतं? हिच्या आईला माहीत नाही हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे! भारतात कुणालाही विचारा!"

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग त्या म्हणाल्या, की त्या भारतात कुणालाही विचारू शकत नाहीत, पण आईंचं लेखी निवेदन आलं तर ते जरूर वाचतील. लवकर पाठवा.

मार्च लागला होता. आता योग्य वेळेची वाट बघणं परवडण्यासारखं नव्हतं. त्याच संध्याकाळी, म्हणजे पुण्याच्या सकाळी, आम्ही व्हिडिओ कॉल लावला. तिची आई गच्चीवर झाडांना पाणी घालत होती. बोलणार मी होतो, पण काकांनी मला बाजूला सारलं. "सोपवली माझ्यावर होती," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. खोली, मखर, फोन, सगळं. मी कोपरासकट पहिल्यांदा पूर्ण चौकटीत आलो.

आई पाणी घालत राहिल्या. एक कुंडी, दुसरी कुंडी. मी कुंड्या मोजू लागलो.

"काम काय करतो?" त्यांनी विचारलं.

आमच्यापैकी कुणाचीच या प्रश्नाची तयारी नव्हती. आम्ही संस्कृती, समाज, नातेवाईक काय म्हणतील, या सगळ्याची उत्तरं पाठ केली होती.

"सध्या काही नाही," ती म्हणाली. "परमिट नाही ना. तेच मिळायला तुझं पत्र हवंय."

"म्हणजे घरी बसलाय."

"आई, त्याला बसवलंय."

"ते एकच. एकत्र राहता ते मला आवडलं नाही, त्याचं मी नंतर बघीन. पण बिनकामाच्या माणसाबरोबर माझी मुलगी राहते, असं मी परदेशी सरकारला सही करून कळवू? आधी काम लागू दे. मग पत्र देते."

"अगं, पत्र दिल्याशिवाय काम लागत नाही!"

"आणि काम लागल्याशिवाय मी पत्र देत नाही."

तिकडे कॅनडा सरकार, इकडे ही माउली, आणि मधे मी. दोघांची गाठ घालून दिली असती तर एकमेकांना आवडले असते. काका चष्मा पुसायला लागले. मला आता भीती वाटायची थांबली होती, नुसता राग होता, आणि रागात माझं लक्ष त्यांच्या कुंडीकडे गेलं. पाणी वर तसंच साठलं होतं. वरची माती चोपून घट्ट झाली होती.

"ते पाणी खाली जात नाहीये," मी म्हणालो.

"काय?"

"मावशी, तुमच्या कढीलिंबाला पाणी मिळतच नाहीये. पानं पिवळी पडतात ना?"

त्यांनी फोन कुंडीजवळ नेला. "गेल्या वर्षापासून. माळी म्हणतो, दृष्ट लागली."

"माळी बदला. चिमूटभर माती घ्या. ओली करा. आता तळहातावर वळा, शेवई वळतो तशी. बारीक करा अजून. तुटते का?"

त्यांनी फोन कठड्याला टेकवून ठेवला. साडीचा पदर खोचून त्या गच्चीवर माती वळत होत्या आणि इकडे आम्ही चौघं, काकूही आल्या होत्या, श्वास रोखून बघत होतो.

"नाही तुटत," आई म्हणाल्या. "चांगली लांब होते आहे. खिरीत घालता येईल."

"म्हणजे चिकणमाती फार आहे. मुळं गुदमरतात. सगळी माती काढा, त्यात भरड वाळू, नारळाचा भुसा, शेणखत घाला. खालचं भोक बुजलं असेल, ते मोकळं करा. आता शेजारची दाखवा."

शेजारची दाखवली. मग मोगरा. मग सोनचाफा. मी किती वेळ बोललो कुणास ठाऊक. माती ओली असताना कशी वागते, वाळल्यावर कशी, का फुगते, का फाटते. ऑगस्टपासून माझ्याशी सगळे परमिटबद्दलच बोलत होते. मातीबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता, आणि मला काहीतरी येतं हे मीही विसरत चाललो होतो. माझा आवाज चढला होता, हात हलत होते. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मी बोलणं थांबवलं नाही, कारण थांबलो असतो तर मीही रडलो असतो.

शेवटी आई म्हणाल्या, "हे तू शिकलायस?"

"हो."

"मग तिथले लोक तुला घरी कशाला बसवतात?" असं, ती जणू माझीच चूक असल्याच्या सुरात म्हणून, त्यांनी फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी पत्राचा फोटो आला. इंग्रजीत, जुन्या वळणदार अक्षरात. मला त्याचा अर्थ जवळजवळ पाठ आहे. "माझी मुलगी आणि हा मुलगा लग्नाशिवाय एका घरात राहतात. हे मला मान्य नाही, पण खरं आहे. घरमालक खोटं बोलले ते माझ्या भीतीने, तरी त्यांना त्रास देऊ नये. मुलाला मातीची चांगली समज आहे. त्याला काम करू द्यावं. घरी बसलेला पुरुष घरातल्या बाईला जड होतो आणि स्वतःला त्याहून जड होतो, हे मी माझ्या घरी पाहिलेलं आहे."

हे शेवटचं वाक्य ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. तिचे वडील, कारखाना बंद पडल्यावर, पुढची सगळी वर्षं घरीच होते. हे मला ठाऊक होतं. त्यावर तिच्या आईने कधी अवाक्षर काढलेलं तिला आठवत नव्हतं.

काकांनीही आपलं निवेदन लिहिलं. ते चार पानी होतं आणि त्यात मखराची मापं होती. आम्ही दोन्ही पाठवून दिली.

एप्रिल लागला, गल्लीतला बर्फ काळा होऊन वितळायला लागला. बॉसचा फोन आला, की पुढच्या आठवड्यात ती जाहिरात देणार. त्याच आठवड्यात कामाचं परमिट आलं. कायमच्या वास्तव्याचा निर्णय अजूनही आलेला नाही, तो येईल तेव्हा येईल. परमिट मी दोनदा वाचलं, मग तिने वाचलं, मग काकांनी चष्मा न पुसताच मोठ्याने वाचलं, आणि काकूंनी ते देवापुढे ठेवायला मागितलं. मी म्हणालो, ते फोनमध्ये आहे. त्यांनी फोनच देवापुढे ठेवला.

पहिल्या दिवशी मला शहराबाहेर साइटवर पाठवलं. वारा असा होता की कान जागेवर आहेत की नाही ते चाचपून बघावं लागत होतं. दिवसभर नमुने काढले, पिशव्या भरल्या, गाडीत चढवल्या. इतके महिने बसलेलं अंग, पाठ मोडली, हाताला फोड आले. घरी येऊन बूट काढायला पायरीवर बसलो तो बसलोच.

तेवढ्यात फोन वाजला. तिचा नाही, माझा. पुण्यात उजाडत होतं, आई चहाचा कप घेऊन बसल्या होत्या.

"थकलास?" त्यांनी विचारलं.

त्या सगळ्या महिन्यांत मी हा शब्द तोंडातून काढला नव्हता. बसून असलेला माणूस कुठल्या तोंडाने थकला म्हणणार?

"हो मावशी," मी म्हणालो. "खूप थकलो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.